दिवाळीला कोल्हापूरला येताय? आधी घरी फोन, मग तिकीट

आमचं घर मंगळवार पेठेतलं. दिवाळीला मुंबईचे धाकटे भावजी, नागपूरच्या नणंदबाई, बंगळुरूचा पुतण्या आणि सगळ्यांची पोरंबाळं इथंच जमतात. मी स्वतः प्रवास फारसा करत नाही, पण प्रवास करून आलेल्यांना दार उघडायचं काम माझ्याकडं असतं. कोण हसत आलंय आणि कोण चिडून, हे चप्पल काढतानाच कळतं. अंतराचा त्यात फारसा संबंध नसतो. नागपूरहून एक रात्र आणि जवळजवळ एक दिवस गाडीत काढून आलेल्या नणंदबाई ताज्यातवान्या असतात, आणि पुण्याहून पाच तासांत येणारा माणूस वैतागून कोपऱ्यात बसतो. हे असं का होतं ते बघत बघत जे ध्यानात आलं ते लिहिते. लांबून घरी येणाऱ्यांसाठी आहे, आणि ज्यांच्या घरी येणार त्यांनीही वाचायला हरकत नाही.

पहिलं काम : तारखा घराशी जुळवा

लोक आधी तिकीट काढतात आणि मग घरी सांगतात, "आम्ही धनत्रयोदशीला येतोय." तोवर इकडं ठरलेलं असतं की धाकटी जाऊ पाडव्याला माहेरी जाणार, मोठ्या मुलीचा दिवाळसण आहे म्हणून जावई येणार, आणि सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन नुकतंच झालंय. म्हणून दिवाळीच्या अडीच महिने आधी एक फोन करा. घरातल्या कर्त्या बाईला करा. पुरुषांना केलात तर "या की, कवा बी या, घर तुमचंच हाय" एवढंच उत्तर मिळेल. त्यात प्रेम भरपूर असतं, माहिती काहीच नसते.

फोनवर विचारायचं ते असं. वसुबारस ते भाऊबीज यांत कुठल्या दिवशी घरात किती माणसं आहेत? भाऊबीजेला कोण कुणाकडं जाणार? भाऊबीजेचा गुंता सगळ्यात मोठा, कारण घरातल्या सुना त्या दिवशी आपापल्या भावाकडं निघतात आणि घरच्या मुली इकडं यायला निघतात. तुम्ही नेमके भाऊबीजेच्या सकाळी पोचलात, तर ज्यांना भेटायला आलात ती निम्मी माणसं एसटीत असतील. निवांत भेट हवी असेल तर नरक चतुर्दशीच्या आदल्या दिवशी पोचा आणि पाडव्यापर्यंत थांबा. कॅलेंडर समोर ठेवूनच बोला. तिथींच्या घोळात काही वर्षी लक्ष्मीपूजन आणि पाडव्याच्या मध्ये एक दिवस रिकामा पडतो, आणि "चार दिवसांची सुट्टी" पाच दिवसांची होते.

नवरा-बायको दोघांचीही घरं कोल्हापूरकडची असतील तर दिवसांची वाटणी निघायच्या आधी, आपल्या घरात बसून करा. आमच्या ओसरीवर येऊन ती चर्चा करू नका. आम्हाला कुणाची बाजू घ्यावी ते कळत नाही.

तिकीट

1 नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आगाऊ आरक्षण प्रवासाच्या 60 दिवस आधी, सकाळी 8 वाजता उघडतं. पूर्वी ते 120 दिवसांचं होतं. अजून कितीतरी जण जुन्या हिशेबानं चालतात किंवा "बघू नंतर" म्हणतात. मोबाईलमध्ये दोन गजर लावा, एक जायच्या तारखेचा आणि एक यायच्या. परतीचं आरक्षण त्याच्या तारखेप्रमाणे काही दिवसांनी उघडतं आणि लोक नेमकं तेच विसरतात. भाऊबीजेच्या रात्रीची महालक्ष्मी एक्स्प्रेस मिळवणं ही वर्षातली सगळ्यात अवघड गोष्ट. त्यापेक्षा दुसऱ्या दिवशी सकाळच्या कोयना एक्स्प्रेसचं बघा. दिवस जातो, पण खिडकीतून कृष्णाकाठचे उसाचे फड बघत जाता येतं आणि पोरंही झोपमोड न होता घरी पोचतात.

आयआरसीटीसीचं खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आत्ताच बघा. 1 जुलै 2025 पासून त्याशिवाय ऑनलाइन तत्काळ निघत नाही. तत्काळ आदल्या दिवशी उघडतं, एसीचं 10 ला आणि स्लीपरचं 11 ला. दिवाळीत मात्र त्यावर विसंबू नका. आणि वेटिंगचं ऑनलाइन तिकीट चार्ट लागल्यावरही पूर्ण वेटिंगमध्येच राहिलं तर ते आपोआप रद्द होतं. पैसे परत येतात, पण तिकीट संपलेलं असतं.

सोबत वडीलधारी असतील तर त्यांचं तिकीट वेगळं काढा. 60 वर्षांवरचे पुरुष आणि 45 वर्षांवरच्या बायका यांना खालच्या बर्थचा कोटा आहे, पण एका तिकिटावर एक किंवा दोनच जण असतील तर. सहा जणांच्या तिकिटात सासऱ्यांचं नाव घातलंत तर त्यांना वरचा बर्थ येणार, आणि मग रात्रभर डब्यात "भाऊ, जरा खाली देता का" सुरू.

कुठून काय, ते थोडक्यात. मुंबईहून रात्री महालक्ष्मी, दिवसा कोयना. पुण्याहून याच गाड्या, शिवाय सप्टेंबर 2024 पासून वंदे भारत, पण ती रोज नसते. विदर्भातून गोंदिया–कोल्हापूर महाराष्ट्र एक्स्प्रेस रोजची. ती पुण्यावरून फिरून येते म्हणून लांबते, पण गाडी बदलावी लागत नाही, आणि सामान व म्हातारी माणसं असली की त्यालाच जास्त किंमत. दिल्लीहून निजामुद्दीनची गाडी साप्ताहिक आहे, तेव्हा तारीख तिच्या वाराप्रमाणं ठरवा. बंगळुरूकरांनी मिरजेपर्यंत रेल्वे नाहीतर सरळ रात्रीची बस धरावी. उजळाईवाडीच्या विमानतळावर मुंबई-बंगळुरूकडची विमानं येतात, पण वेळापत्रक हंगामाप्रमाणं बदलतं.

कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे याचा एक फायदा कुणी सांगत नाही. झोप लागली तरी स्टेशन चुकत नाही. गाडी इथंच थांबते. दारात गर्दी करू नका, आधी सगळ्यांना उतरू द्या, मग म्हातारीला हात द्या.

एसटीनं येणार असाल तर राज्याच्या हद्दीत बायकांना अर्धं तिकीट, 65 ते 75 वयाच्यांना अर्धं, आणि 75 च्या पुढं मोफत. वयाच्या पुराव्यासाठी आधार कार्ड हाताशी ठेवा, बॅगेच्या तळाला नको. खाजगी ट्रॅव्हल्सवाले दिवाळीत वाट्टेल तो भाव सांगतात. 2018 च्या शासन निर्णयाप्रमाणं त्यांना त्याच मार्गावरच्या तशाच एसटीच्या दीडपटीपेक्षा जास्त भाडं घेता येत नाही. एसटीचा दर आधी बघून ठेवा, म्हणजे बोलताना तोंडात आकडा असतो.

स्वतःची गाडी असेल तर

पुण्याहून कोल्हापूर साधारण 230 किलोमीटर. रस्ता एकच, तोही कुठं ना कुठं खोदलेला, आणि दिवाळीच्या आदल्या शनिवारी अख्खं पुणे त्यावर असतं. खेड शिवापूरचा टोलनाका आणि खंबाटकीचा घाट पहाट फुटायच्या आत ओलांडला तर दिवस तुमचा. सातला निघालात तर साताऱ्यात जेवायची वेळ होईल. पोरांना गाडी लागत असेल तर घाट संपल्यावर थांबा, आधी पोटभर खायला घालू नका.

कऱ्हाड ओलांडलं की एक नवी गोष्ट सुरू होते : ऊस. गळीत हंगाम दिवाळीच्या आगेमागेच चालू होतो. मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अंधारात अचानक पुढ्यात येतो. हायवेवर एक वेळ चालतं, पण राधानगरी, गारगोटी, गडहिंग्लजच्या रस्त्यांवर रात्री गाडी चालवायची हौस करू नका. त्यातच उसाच्या दराचं आंदोलन पेटलेलं असेल तर कधी चक्का जाम होईल सांगता येत नाही. निघायच्या आदल्या संध्याकाळी घरी फोन करून विचारा. इथल्या माणसाला चहाच्या टपरीवरच कळलेलं असतं.

दिवाळीऐवजी गौरी-गणपतीला किंवा श्रावणात येणार असाल तर पंचगंगेची पातळी बघून निघा. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट धोक्याची. 2019 आणि 2021 च्या पुरात शिरोलीजवळ हायवेच बंद पडला होता. बंधाऱ्यावर 39 फूट झाले अशी बातमी आली की सुट्टी पुढं ढकला. शूरपणा नको.

उतरायचं कुठं, हे निघायच्या आधी ठरवा

प्रवासातले जवळजवळ सगळे वैताग शेवटच्या टप्प्यात होतात. गोवा किंवा बेळगावकडं जाणाऱ्या रात्रीच्या ट्रॅव्हल्स कोल्हापूर शहरात येतच नाहीत. पहाटे चारला क्लीनर ओरडतो, "कोल्हापूर, कोल्हापूर, चला उतरा," आणि तुम्ही बॅगा घेऊन तावडे हॉटेलच्या चौकात हायवेवर उभे. तिकीट काढतानाच विचारा : गाडी आत कावळा नाक्यापर्यंत येते का, की हायवेवर सोडते? हायवेवर सोडत असेल तर घरी आधी सांगा, कुणीतरी गाडी घेऊन येईल. पहाटे चारला फोन करून "आम्ही उतरलोय" म्हणणाऱ्यांचा राग येत नाही, पण आदल्या रात्री सांगितलं असतं तर भाच्यानं मोटारसायकलऐवजी मोठी गाडी काढली असती.

आणि घर शहरात नसेल तर कोल्हापूरला येण्याची गरजच आहे का ते तपासा. इचलकरंजीला जायचं असेल तर रेल्वेनं हातकणंगल्याला उतरा. शिरोळकडच्यांनी जयसिंगपूर धरावं. गडहिंग्लज-आजरा बाजूचे लोक बंगळुरूहून बसनं येत असतील तर संकेश्वरला उतरून तासभर वाचवतात. इस्लामपूरकरांनी पेठ नाक्यावर उतरावं. कोल्हापूरपर्यंत येऊन परत मागं फिरण्यात अर्धी सकाळ जाते.

शहरात आलात आणि पुढं गावी जायचंय, तर स्टँड कुठलं ते विचारून घ्या. रेल्वे स्टेशनजवळचं मध्यवर्ती बसस्थानक हे सगळ्यांना माहीत असतं. पण रंकाळा स्टँड आणि संभाजीनगर स्टँड ही दोन वेगळी ठिकाणं आहेत आणि बऱ्याच गावांच्या गाड्या तिथून सुटतात. केएमटीनं, म्हणजे शहर बसनं, जाण्यापेक्षा सामान असेल तर रिक्षा करा. भाडं बसायच्या आधी बोला.

काय आणायचं, काय नाही

फराळ आणू नका. खरंच नका आणू. चार घरांतून चार डबे चकल्या येतात, त्यातल्या दोन मऊ पडतात, आणि कुणाची चकली आधी संपली यावरून बायका मनात हिशेब ठेवतात. तुमच्या गावचं काहीतरी आणा. नागपूरकरांनी संत्रा बर्फी, बंगळुरूवाल्यांनी कॉफी पावडर. कोल्हापुरात या गोष्टींचं अप्रूप आहे, चिवड्याचं नाही.

पांघरूण मात्र प्रत्येकी एक आणाच. नोव्हेंबरात पहाटे इथं थंडी पडते आणि वीस माणसांना पुरतील एवढ्या गोधड्या कुठल्याच घरात नसतात. रोजची औषधं दिवस मोजून, वर तीन दिवसांची जास्त. पाडव्याला नेहमीचे डॉक्टर दवाखाना बंद ठेवून आपल्या गावी गेलेले असतात. तातडीचं काही झालं तर सीपीआर हे सरकारी रुग्णालय आहे, पण रक्तदाबाच्या गोळीसाठी तिथं रांग लावायची वेळ कशाला आणता? ओवाळणीसाठी पन्नास-शंभराच्या कोऱ्या नोटा तुमच्याच बँकेतून घेऊन या, इथं त्या आठवड्यात मिळत नाहीत.

घरात शिरल्यावर

पहिल्या रात्रीच दोन गोष्टी ठरवून टाका : झोपायच्या जागा आणि आंघोळीचा क्रम. झोपायचं सोपं आहे. म्हातारी माणसं संडासाजवळच्या खोलीत, लहान बाळाची आई वेगळ्या खोलीत, बाकी सगळे हॉलमध्ये सतरंजीवर. घोरणारे दाराकडं.

आंघोळीचं अवघड. नरक चतुर्दशीला सूर्य उगवायच्या आत सगळ्यांचं अभ्यंगस्नान व्हायला हवं, आणि न्हाणीघरं दोन. आमच्याकडं अजून तांब्याचा बंब आहे. पहाटे साडेतीनला सासरे उठून त्यात करवंट्या आणि उसाची चिपाडं घालतात. धूर जिन्यापर्यंत येतो आणि त्या वासानंच पोरं जागी होतात. बंबात पाणी काढलं की तेवढंच थंड वरून ओतायचं असतं. शहरातून आलेला माणूस हे विसरतो, एकटाच चार बादल्या काढतो आणि मागच्या माणसाला कोमट पाणी येतं. म्हणून क्रम असा लावलाय : आधी घरातले पुरुष आणि मोठी पोरं, कारण त्यांना पाच मिनिटं लागतात. मग म्हातारी माणसं, तोवर पाणी चांगलं कढत झालेलं असतं. मग बायका, केस धुवायचे असतात म्हणून. लहान पोरं शेवटी, तेल-उटणं लावून अंगणात उभी, न्हाणीघर मोकळं झालं की दोघं-तिघं एकदम आत. ओवाळायला एकच ताट ठेवा आणि एकाच बाईकडं द्या. गीझर असलेल्या घरांनीही हाच क्रम लावून बघावा, टाकीतलं पाणी पुरतं.

पैशाबद्दल उघड बोला. पाहुणा म्हणून एक दिवस ठीक, पण पाच दिवस राहणारा माणूस पाहुणा नसतो. किराणा, दूध, जादा सिलिंडर, कामवाल्या बाईची दिवाळी हा खर्च सगळ्या भावांनी वाटून घ्यायचा. ज्या बाईच्या हातात स्वयंपाकघर आहे तिला पहिल्याच दिवशी द्या, तिनं मागायच्या आत. "राहू दे हो भावजी" असं ती एकदा म्हणेल. दुसऱ्यांदा आग्रह करा. ती घेईल, आणि तिला बरं वाटेल. निघताना पोरांच्या हातात पाचशेची नोट कोंबून जाण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

स्वयंपाकघरात शिरून "मी काय करू?" असं विचारू नका. त्याचं उत्तर द्यायला सुद्धा वेळ नसतो. एक काम निवडा आणि पाच दिवस तेच तुमचं. मुंबईचे भावजी रोज सकाळचा चहा करतात. पंचवीस कप, साखर कमीवाले वेगळे. घरात त्यांच्याइतकं लाडकं माणूस नाही.

मटणाचा बेत कधी, हा प्रश्न गाडीतून उतरल्या उतरल्या विचारला जातो. आमच्यात भाऊबीज झाल्यावर, वार बघून. तांबडा झेपत नसेल तर पांढरा रस्सा घ्या आणि गप्प बसा. "तिखट जरा कमी करता आलं असतं" हे वाक्य कोल्हापुरात उच्चारू नये.

दिवाळीत न बोलायचा विषय एकच : वाटणी. शेताची असो, घराची असो. सगळे भाऊ एकत्र सापडतात म्हणून हाच मुहूर्त वाटतो, पण त्या बैठकीत स्वयंपाकघरातली भांडी सुद्धा मोठ्यानं वाजायला लागतात. त्यासाठी जानेवारीत वेगळं या.

पोरांसाठी

किल्ला करायचा असेल तर वसुबारसेच्या आत पोचायला हवं. जमत नसेल तर इथल्या भावंडांना फोन करून सांगा की मातीचा ढिगारा करून ठेवा आणि त्यावर अळीव पेरा. अळीव उगवायला चार-पाच दिवस लागतात. तुम्ही याल तोवर डोंगरावर हिरवळ आलेली असते आणि पोरांना फक्त बुरूज आणि मावळे लावायचे राहतात.

पाडव्याला सकाळचं काही ठरवू नका. गवळी लोक म्हशी सजवून आणतात, शिंगं रंगवलेली, गळ्यात माळा, आणि मालकाच्या मोटारसायकलमागं म्हैस भर रस्त्यातनं पळते. कसबा बावडा किंवा सागरमाळाला जाऊन बघा, पण पोरांना कठड्यावर चढवा, रस्त्याच्या कडेला उभं करू नका. संध्याकाळी गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर न्या. समोर धार काढून फेसाळ दूध पेल्यात देतात. पिशवीतलं दूध पिऊन वाढलेली पोरं पहिल्यांदा नाक मुरडतात, मग दुसरा पेला मागतात.

अंबाबाईच्या दर्शनाला पहाटे जा. दहानंतर रांग पर्यटकांची असते. दिवाळी 9 ते 11 नोव्हेंबरच्या आसपास आली तर तेव्हा किरणोत्सव असतो, मावळतीची किरणं देवीपर्यंत पोचतात, आणि संध्याकाळी देवळात पाय ठेवायला जागा नसते. पन्हाळा-जोतिबा एका दिवसात होतं. वयस्कर माणसांना दोन्ही नको, एकच करा.

परत जाताना

बॅगा आदल्या रात्री भरा. गूळ आणि कांदा-लसूण चटणी प्रत्येकाला द्यायची असते, ती देणारच. चटणीचं तेल सुटतं, म्हणून बरणीला प्लॅस्टिक, त्यावर वर्तमानपत्र, त्यावर पुन्हा प्लॅस्टिक, आणि ती बरणी कपड्यांच्या बॅगेत कधीच नको. गाडी इथूनच सुटते, त्यामुळं अर्धा तास आधी फलाटावर लागलेली असते. निरोप तिथं घ्या, दारात नको, नाहीतर रिक्षावाला मीटर चालू ठेवून ऐकत बसतो.

आणि डबे. जाताना भरून दिलेला स्टीलचा डबा परत आणायचा असतो, हे पुढच्या वर्षी येताना कुणाच्याच ध्यानात राहत नाही. मी आता झाकणावर नाव कोरून घेतलंय. बोहारणीला देऊ नका.